घर माझ्या नावावर

यजमानांची नोकरी संपली त्या दिवशी दवाखान्यातल्या लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि हातात एक छत्री दिली. नगरच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर म्हणून त्यांनी सगळी हयात काढली होती. घरी आल्यावर त्यांनी हार खुंटीला अडकवला आणि मला म्हणाले, "आता आंब्याला जायचं. तिथंच राहायचं."

आंबं म्हणजे जोगाईचं आंबं. सरकारी दफ्तरात त्याचं नाव मोमिनाबाद होतं, पण ते नाव कचेरीच्या पायऱ्या उतरून कधी खाली आलं नाही. लग्नाआधी यजमान त्यांच्या आईला घेऊन देवीच्या दर्शनाला तिकडं गेले होते, आणि तेव्हाच त्यांनी मनाशी काहीतरी ठरवून टाकलं होतं. नगरच्या उन्हाळ्यात औषधाच्या वासाचे कपडे बदलता बदलता ते मला अधूनमधून सांगायचे, देवळाजवळची नदी कशी आहे, सकाळची हवा कशी असते. मी ऐकून घ्यायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. पुतण्यांच्या घरात म्हातारपण काढावं असं दोघांनाही वाटत नव्हतं. शिवाय मी मूळची त्याच मुलखातली. माझं माहेर चकलांब्याचं, निजामच्या हद्दीतलं. नगर इंग्रजांचं. आमच्या लग्नात वऱ्हाड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. पलीकडं ज्वारीच होती, अलीकडंही ज्वारीच.

आंब्याला आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि महिन्याच्या आत घर बघितलं. तीन खोल्या, वर माळवद, मागं परसात आड. मालक एक म्हातारे सोनार होते. बायको गेल्यावर त्यांना परळीला मुलाकडं जायचं होतं. बोलणं एका बैठकीत झालं. यजमानांनी खोल्या पावलांनी मोजल्या, आडात वाकून बघितलं आणि परत येताना वाटेत माझ्याशी इतकं बोलले की मी त्यांच्याकडं नवलानं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी धोतर बदलून, टोपी झटकून ते कचेरीत गेले.

परत आले ते टोपी न काढताच पाटावर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी परदेशी आहे म्हणे."

मग हळूहळू सगळं सांगितलं. तहसीलदारांपुढं कागद ठेवणारे जे पेशकार होते, ते वयस्कर मुसलमान गृहस्थ. दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं मऊ. त्यांनी यजमानांना बसायला चटई दिली, पाणी मागवलं आणि मग विचारलं, "तुमी नगरचे न? मंग तुमी गैरमुल्की."

"मी पेन्शनर आहे. सरकारची नोकरी केलीय."

"इंग्रज सरकारची केली, साहेब. आमच्या दफ्तरात तुमी बाहेरच्या मुलखाचे. ऱ्हावा, देवीचं दर्शन घ्या, कोनी हात लावनार न्हाई. पन घर नावावर करायचं तर वरून, हैदराबादेहून इजाजत पायजे. न्हाईतर मुल्की व्हावं लागतं. त्याला हितं पंधरा सालाची वस्ती लागती."

"पंधरा वर्षांनी मी सत्तरीचा होईन."

"अल्ला उमर देवो," पेशकार म्हणाले.

अर्ज केला. तो उर्दूत लिहावा लागला, म्हणून पेशकारांनीच लिहून दिला. अर्ज हैदराबादेला गेला आणि आमचं दिवस मोजणं सुरू झालं. आठवड्यातून दोनदा यजमान कचेरीत जायचे. दोन महिन्यांनी उत्तर आलं, पण त्यात परवानगी नव्हती, प्रश्न होते. नगर का सोडलं. इथं कोण ओळखीचं. जामीन कोण. घराचा उपयोग कशासाठी. यजमानांनी उत्तरं लिहवून घेतली. पुन्हा कागद गेला. पुन्हा दोन महिने.

त्या दिवसांत त्यांना एका जागी बसवत नसे. सकाळी नदीवर, तिथून देवळात, देवळातून बाजारात, बाजारातून सोनारांच्या दारावरून एक फेरी. घरी आले की लगेच पुन्हा चपला घालायचे. मी आमच्या ट्रंका उघडू म्हटलं तर म्हणायचे, "इथं कशाला? तिकडं गेल्यावर उघडू." मग लागेल तेवढंच वरवरचं काढायचे मी. पितळेचा मोठा डबा गवतात गुंडाळलेला तसाच होता. जेवताना ते मधेच थांबायचे आणि बाहेर कुणी हाक मारली का म्हणून विचारायचे. कुणी मारलेली नसायची. मलाही तीच सवय लागली. भाकरी थापताना माझं अर्धं लक्ष दाराकडं असायचं.

सोनारही कंटाळले. एक दिवस येऊन उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "कंपौंडर, मला ल्योक बोलवायलाय. तुमचं जमंना तर सांगा. दुसरं गिऱ्हाईक हाय."

यजमान तसेच उठून कचेरीत गेले. त्या दिवशी पेशकारांनी सहज विचारलं, "घरवाल्या कुठल्या तुमच्या?"

"चकलांब्याच्या."

"गेवराईजवळचं चकलांबा?" पेशकारांनी लेखणी खाली ठेवली. "मंग इतके दिवस बोलला का न्हाईत? बाई मुल्की हायेत. त्यांच्या नावानं घ्या. पटवाऱ्याची चिठ्ठी आना, आन माहेरच्या एका मानसाची गवाही. हितंच काम होतंय."

हे सांगताना यजमान भिंतीकडं बघत होते. मला आधी हसू आलं आणि मग त्यांचा चेहरा बघून ते गेलं.

"मग वाईट काय आहे?" मी म्हटलं.

"बायकोच्या घरात राहू मी?"

"बत्तीस वर्षं मी तुमच्या घरात राहिले."

"ते वेगळं."

"कसं?"

ते चपला घालून निघून गेले. तीन दिवस आमच्यात मीठ-भाकरीपुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी आंघोळ करून आले, टॉवेल वाळत घातला आणि पाठमोरेच म्हणाले, "सोमवारी एक गाडी गेवराईकडं जातीय. ओळखीची माणसं आहेत. जाऊन ये."

गाडीत चार दिवस गेले. चकलांब्याला पोचले तेव्हा माझा भाऊ, दादा, खळ्यावर होता. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला बघून त्याला आनंद झाला, पण मी सणासुदीला नाही, अशी अधेमधे आले म्हणून डोळ्यांत शंकाही आली. जेवण झाल्यावर मी आल्याचं कारण सांगितलं. त्याच्याशी बोलताना मी आपोआप माहेरच्या बोलीवर उतरले.

"गवाही कशाची?" दादानं विचारलं.

"मी हितली, आपल्या बापाची ल्येक, येवढंच सांगायचं."

"ते कावून सांगावं लागतं? समद्या गावाला म्हाईत हाय."

"गावाला हाय. कचेरीला न्हाई."

दादानं सुपारी कातरली, तोंडात मात्र टाकली नाही. "मंग तू मुल्की ठरनार. तुझ्या नावानं कागद व्हनार."

"घराचा."

"आज घराचा," तो म्हणाला.

तेव्हा मला समजलं. आमच्या वडिलांनी शेवटच्या आजारात ओढ्याकडचा जमिनीचा एक तुकडा मला चोळीबांगडीला दिला होता. लेकीच्या लुगड्या-चोळीपुरतं पिकावं म्हणून बाप लेकीला देतो तशी जमीन. दिली ती तोंडी, चार माणसांसमोर. पुढं मी नगरला, जमीन दादा कसत होता, आणि मी कधी विषय काढला नव्हता. त्यानंही नाही. त्या चार माणसांतली तीन एव्हाना गेली होती. ओढ्याजवळची असल्यानं त्या तुकड्याला ओल टिकायची, आणि घरच्या जमिनीत तोच काय तो भरवशाचा होता.

"दादा, मी तुकडा मागायला आले न्हाई," मी म्हटलं.

"आता न्हाई म्हनशील. कागद हातात आल्यावर मानसाचं मन फिरतं. तुझं न्हाई फिरलं तर दाजींचं फिरंल. दाजींचं न्हाई तर त्यांच्या पुतन्यांचं."

मला राग आला. उठून जावं असं वाटलं, पण जाणार कुठं? आंब्याला माझं घर नव्हतं, नगरचं सोडलं होतं, आणि हे माहेर. मी तिथंच बसून राहिले. वहिनी चुलीपाशी होती. ती आमच्या घरात आल्यापासून दादाच्या पुढं फारसं बोललेली मला आठवत नाही. ती राख पुढं ओढत म्हणाली, "न्हाई म्हन्ती ना ती. मंग?"

दादानं तिच्याकडं बघितलं आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पटवाऱ्याकडं जाऊन चिठ्ठी घेऊन आले. वडिलांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, त्यांची एक मुलगी नगरच्या बाजूला दिलेली. दादा मला दिवसभर दिसला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी बोचकं बांधून कुणाची गाडी मिळते का ते बघायला निघाले, तर अंगणात त्यानं स्वतःची गाडी जुंपलेली होती. आत कडबा पसरला होता, वर घोंगडी. तो बैलांच्या मानेवर हात फिरवत होता.

"बस," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बीडच्या पुढं आम्ही कपिलधारला थांबलो. यात्रा नुकतीच होऊन गेली होती, तरी माणसं होती. दादा धबधब्याखाली अंघोळ करून आला, धोतर पिळलं, आणि माझ्यापासून थोडा लांब दगडावर बसला. पाण्याच्या आवाजामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि मला वाटतं त्यामुळंच त्याला बोलता आलं.

"दाजी काय म्हन्त्यात? बायकोच्या घरात ऱ्हानार?"

"बोलत न्हाईत."

"म्या असतो तर न्हाई ऱ्हायलो असतो."

"तुमी कोनीच न्हाई ऱ्हायला असता," मी म्हटलं. "आमी बाया मातर ऱ्हातो. आज बापाच्या, उद्या नवऱ्याच्या. कुनी इचारत न्हाई का गं ऱ्हातीस म्हून."

त्यानं पिळलेलं धोतर दगडावर पसरलं. मग विचारलं, "तिथं लई हाल चाललेत का?"

"हाल न्हाईत. बूड टेकंना झालंय."

आंब्याला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. मी बाहेर ओसरीवर बसले, यजमान खांबाला टेकून उभे. दादा आत होता. दार उघडं होतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. तहसीलदार हिंदुस्थानीत विचारायचे, पेशकार त्याचं मराठी करायचे, दादा उत्तर द्यायचा. नाव, गाव, बापाचं नाव. बाई सख्खी बहीण का. कुठं जन्मली. लग्न कुठं झालं. मग तहसीलदारांनी असं विचारलं की बाई लग्न करून इंग्रजांच्या मुलखात गेली, तेव्हा तिचा इथला संबंध तुटला, असं का समजू नये? इथं तिचं काय आहे?

यजमानांनी खांब सोडला आणि दाराच्या आणखी जवळ गेले.

"हाय की," दादाचा आवाज आला. "जिमीन हाय तिची. ओढ्याकडचा तुकडा. आमच्या बापानं तिला चोळीबांगडीला दिल्यालाय. आजवर म्या कसतोय, पन हाय तिचा. लिवून घ्या."

पेशकारांनी ते लिहून घेतलं. कागदावर लेखणी चाललेली मला ऐकू येत होती. मी पदराचं टोक तोंडात धरलं. दादा बाहेर आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. यजमानांना म्हणाला, "च्या मिळतो का हो दाजी हितं कुठं?" आणि दोघं निघून गेले.

पंधरा दिवसांनी दस्तऐवज झाला. कागद सगळा उर्दूत. पेशकार तो घेऊन ओसरीवर आले आणि अंगठ्यासाठी शाईची गादी पुढं केली. मी म्हटलं, "मला सही येते. पण आधी वाचून दाखवा, ही अक्षरं मला येत नाहीत." लिहायला-वाचायला मला यजमानांनीच शिकवलं होतं, नगरला, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पेशकार खाली बसले आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. घराच्या चारी बाजू, आड, माळवद. मग घेणाराचं नाव. माझं नाव, पुढं अमक्याची मुलगी, मूळ राहणार चकलांबा.

"अमक्याची बायको असं नाही का?" मी विचारलं.

"बाई, बायको लिहिलं तर शौहराचं गाव लिवावं लागंल," पेशकार म्हणाले. "मंग समदं अडंल. त्यांचं नाव कुठंच आनलं न्हाई. तेच बरं."

यजमान माझ्या मागं उभे होते. मी वळून बघितलं नाही. सही केली. त्यांनी शिकवलेल्या वळणातच केली, आणि सगळा वेळ मला वाटत होतं की त्यांच्या खिशातून काहीतरी काढून घेतेय.

घरात राहायला गेलो. ट्रंका उघडल्या, पितळेचा डबा गवतातून निघाला. मला वाटलं आता हे बसतील. पण ते बसले नाहीत. खिळा ठोकायचा तरी विचारायचे, "इथं ठोकू का?" परसात लिंबाचं रोप लावायचं होतं, तेव्हा हातात रोप धरून दारात उभे राहिले.

"लावू का गं?"

"मला का विचारता?"

"मालकीण तू," म्हणाले. हसून म्हणाले, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मी चिडून म्हटलं, "उपटून टाका मग." त्यांनी रोप लावलं. रोज पाणी घालायचे. लोक आमचा पत्ता विचारत यायचे तेव्हा घराला चकलांबेवालीचं घर म्हणायचे. ते कानावर पडलं की यजमान ओट्यावरून उठून आत यायचे.

ओटा मात्र हळूहळू त्यांचा झाला. ताप, खोकला, डोळे आलेले, मुलाच्या पोटात दुखतंय, असली माणसं यायला लागली. नगरहून येताना ते औषधं आणायचे. पेन्शन घ्यायला स्वतः तिकडं जावं लागे, त्यामुळं वर्षातून तीन-चार वेळा प्रवास व्हायचा. जायच्या आधी आठ दिवस ते खुलायचे. तिथं पोचल्यावर, पुतण्या सांगायचा, तिसऱ्या दिवसापासून आंब्याच्या गोष्टी काढायचे आणि परतीची गाडी बघायचे. इकडं आले की पुन्हा नगर. मी एकदा विचारलं, "तुम्हाला नेमकं कुठं राहायचंय?" ते म्हणाले, "कळत नाही गं. आपलं म्हणून कुठंतरी."

दादा दर वर्षी ज्वारी काढली की त्या तुकड्यातला एक पोतं दाणा गाडीत घालून आणायचा. मी नको म्हटलं तरी आणायचा. जमीन मी त्याच्याकडंच राहू दिली. ओट्यावर दोघं बसायचे, आणि दादा आला की यजमान दोन दिवस कुठंही जायचे नाहीत.

पंधरा वर्षं झाली. आधीचे पेशकार घरी बसले होते, तरी काठी टेकत आमच्याकडं आले आणि म्हणाले, "कंपौंडरसाहेब, आता अर्जी करा. आता तुमी मुल्की होता." यजमानांनी अर्ज केला. सहा महिन्यांनी मोहोर लावलेला कागद आला. त्यांनी तो देवाजवळ ठेवला, सबंध आळीला पेढे वाटले. मी त्याच दिवशी म्हटलं, "घर तुमच्या नावावर करू. माझी सही लगेच देते."

त्यांनी विचारलं, "तुझ्या मनातून?"

"मनातून."

"राहू दे," म्हणाले. "इतकी वर्षं राहिलो की." ते रागानं नव्हतं. पण आठ दिवसांनी त्यांनी पिशवी भरली. पेन्शनची वेळ नव्हती. सहज जाऊन येतो म्हणाले.

नगरलाच गेले ते. पुतण्याच्या घरी, दोन दिवसांच्या तापात. निरोप माझ्यापर्यंत पाच दिवसांनी आला. तेव्हा दादा दाणा घेऊन आंब्याला आलेला होता, त्यानंच मला गाडीतून नेलं. तेराव्याला पुतण्यांनी राहायला सांगितलं, आग्रहानं सांगितलं. मी राहिले नाही. आंब्याला आले आणि घरात पाऊल ठेवल्यावर तिथंही राहवेना. कुलूप लावून चकलांब्याला गेले. महिन्यानं परत आले. पुन्हा नगर, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या तयारीला म्हणून, फार आधीच. त्या वर्षात मी घराला किती वेळा कुलूप लावलं याची मोजदाद नाही. पूर्वी त्यांचं हिंडणं बघून मला वैताग यायचा. आता माझ्याच पायांना तेच झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेतले एक मास्तर जागा बघायला आले. बरोबर बायको आणि तान्ही मुलगी. मी पुढच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. पहिल्याच सकाळी मास्तरांची बायको ओले कपडे खांद्यावर घेऊन परसात आली आणि मला विचारायला लागली, "काकू, दोरी कुठं बांधू?"

"कुठंही बांध," मी म्हटलं. "विचारू नकोस. तुला वाटेल तिथं बांध."

तिनं आडापासून भिंतीपर्यंत दोरी ताणली, जरा तिरकीच. मी तशीच राहू दिली. त्या दिवशी मला चकलांब्याला निघायचं होतं, गाडी ठरली होती. गाडीवान आला तेव्हा त्याला मी परत पाठवलं आणि तान्हीला मांडीवर घेऊन तिच्या आईचे कपडे वाळत घालून होईपर्यंत बसले.